तिसऱ्यांदा तोच शह

मी आठवीत होते. गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये माझी पहिली बुद्धिबळाची रेटिंग स्पर्धा, म्हणजे जिच्यातून खेळाडूच्या ताकदीचा आकडा, रेटिंग, ठरतो. जानेवारीतली नाशिकची सकाळ, बोटं इतकी आखडलेली की चाली लिहिताना पटावरच्या घरांच्या नावांतले (ई८, सी३ असे) ई आणि सी सारखेच दिसत होते. पहिल्या स्पर्धेत रेटिंग असलेल्या खेळाडूंविरुद्ध शून्यच मिळालं तर ती रेटिंगसाठी धरत नाहीत. चार फेऱ्या झाल्या, माझं शून्य.

पाचव्या फेरीत समोर सिन्नरचा, माझ्याच वयाचा मुलगा. दोन प्याद्यांनी पुढे होता आणि तिसऱ्याच्या लोभाने वजीर माझ्या बी२ वर घेऊन गेला. त्याचा राजा जी८ वर उघडा पडला. ई८ वर शह, राजा एच७. एच५ वर शह, राजा परत जी८. दुसरी जागाच नव्हती!

तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की ड्रॉ, म्हणजे बरोबरी, मागता येते. तिसऱ्यांदा वजीर ई८ वर ठेवला, घड्याळ दाबलं आणि हात वर केला. "सर, ड्रॉ." पंच म्हणाले, "चाल खेळलीस ना? आता पाळी त्याची आहे." खरं तर चाल फक्त कागदावर लिहायची, सोंगटीला हात लावायचा नाही, घड्याळ थांबवायचं आणि मग पंचांना सांगायचं. क्लासमध्ये हे सांगितलं होतं. मी तेव्हा बहुतेक डबा खात होते.

माझं नशीब, त्याला राजा एच७ वर न्यावाच लागला. तीच स्थिती, पाळी माझी, तिसरी वेळ. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, मग एका हाताने घड्याळ थांबवलं. पंचांनी दोघांचे कागद घेऊन शेजारच्या पटावर सगळ्या चाली परत खेळून बघितल्या. मागणी चुकीची ठरली तर समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, पण माझा जीव त्या मिनिटांत नव्हता, माझ्या त्या अक्षरात होता. "हा सी की ई?" "ई, सर." त्याच्या कागदावर ई स्वच्छ होता.

अर्धा गुण मिळाला.

बाहेर तो म्हणाला, "वजीर एफ६ वरच ठेवला असता ना, तर तुझ्या शहाला आड घातला असता." मग पायरीवर पट मांडून त्याने मला तसं हरवूनही दाखवलं.