वाघ-बकरी ऑनलाइन, नोंद ७ : बकऱ्यावाले पळतायत

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की माझ्या या ऑनलाइन खेळात एलो रेटिंग (हार-जितीवरून खेळाडूची ताकद दाखवणारे गुण) बसवलं, आता डाव तोडीस तोड होतील. कसलं काय. नवे लोक तीन-चार डावांतच गायब होतायत, आणि गायब होणारे बहुतेक बकऱ्यावाले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: नियम नेपाळच्या बाघचालचे घेतलेत. पाच बाय पाचचा पट, कोपऱ्यांत चार वाघ, २० बकऱ्या एकेक करून मांडायच्या. वाघाने बकऱ्यांवरून मागच्या मोकळ्या घरात उडी मारून पाच खाल्ल्या की तो जिंकला, चारही वाघ कोंडले की बकऱ्या. दोघंही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो, हे संगणकाने सिद्ध झालंय. म्हणजे कागदावर अन्याय कुठेच नाही. पण नवखा अचूक कुठे खेळतो? वाघाला एक उडी दिसली तरी त्याचं भागतं. बकऱ्या आधी कडेने मांडायच्या, म्हणजे वाघाला फक्त कडेकडेनेच उडी मारता येते, हे समजेपर्यंत इकडे पाच फस्त.

माझ्या मावसभावाला सर्व्हरच्या नाणेफेकीत लागोपाठ चार वेळा बकऱ्याच आल्या. चौथ्या डावात त्याने सातवी बकरी पटाच्या मधोमध ठेवली, मागचं घर मोकळं. ती गेल्यावर चॅटमध्ये लिहिलं, ‘वाघ उपाशी ठेवलेत का रे?’ आणि गेला.

एलोच्या गणिताने २०० गुणांचा फरक असला तर वरच्याकडून शंभर डावांत साधारण ७६ गुणांची अपेक्षा, ४०० असला तर ९१. तेव्हा जोड्या जवळच्याच लावायला हव्यात. पण आपल्याकडे रात्री साडेनऊला हजर किती, तर पाच-सहा जण! १०० गुणांची अट धरून बसलो तर लोक गोल फिरणारं चक्र बघून कंटाळतात. आता पहिली २० सेकंदं १००, मग दर १० सेकंदांनी अट ५० ने सैल होते. हे ठीक चाललंय.

मधल्या काळात एक पाप केलं, तेही सांगून टाकतो. कोणी न मिळाल्यास माणसाचं नाव लावलेला बॉट (आपोआप खेळणारा प्रोग्रॅम) समोर बसवला, तोही नव्यांशी मुद्दाम हरणारा. मोबाइलवरच्या खेळांत ही युक्ती जुनीच आहे. लोक टिकले की! पण फुगलेल्या रेटिंगमुळे त्यांची गाठ पुढे खऱ्या तरबेज वाघांशी पडली आणि चिंधड्या उडाल्या. वर एकाने विचारलं, ‘हा गडी प्रत्येक चाल बरोबर दोन सेकंदांनी कशी करतो?’ मेल्याहून मेल्यासारखं झालं. बॉटचे डाव वगळून सगळ्यांचं रेटिंग पहिल्या डावापासून पुन्हा मोजलं. आता त्याच्या नावापुढे ‘यंत्र’ लिहिलेलं असतं आणि त्याच्याशी खेळून गुण मिळत नाहीत.

खरा उपाय ‘गो’ या काळ्या-पांढऱ्या दगडांनी खेळायच्या पटावरच्या खेळातून सुचला. तिथे पातळीत जेवढ्या पायऱ्यांचा फरक, तेवढे दगड कमकुवत खेळाडूला आधीच मांडून मिळतात. मी बाजू वाटताना तेच केलं: नाणेफेक बंद, वरचढ असेल त्याला बकऱ्या. वाघाचं आणि बकरीचं रेटिंगही वेगळं केलं, म्हणजे एकाचा तोटा दुसऱ्यात मिसळत नाही. निकालाला कुठे हात लावलेला नाही.

यावर जुन्यांची कुरकुर सुरू: ‘आम्हाला वाघ कधी?’ रास्त आहे. म्हणून डाव संपला की बाजू बदलून पुन्हा खेळायचं बटण दिलं. फक्त आमच्या शेजारच्या काकूंना ते नकोय. बकऱ्यांच्या यादीत त्या पहिल्या आहेत आणि वाघ घ्यायला साफ नकार देतात.

काल मावसभाऊ परत आला. वाघ मिळाले, समोर काकू. एकही बकरी न खाता त्याचे चारही वाघ कोंडले गेले. त्याने ‘पुन्हा’ दाबलं, निदान तसा प्रयत्न केला, कारण छोट्या फोनवर ते बटण कीबोर्डखाली जातं. आज रात्री आधी तेवढं दुरुस्त करतो.