नक्षी वेगळी, कोरणं वेगळं

वाड्याच्या चौकटीवरची वेलबुट्टी पाहिली की हमखास विचारतात, नक्षी म्हणजेच कोरीवकाम ना? आणि हा शब्द संस्कृत आहे का? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो, दोन्ही नाही.

मूळ अरबी ‘नक्श’. चित्र, ठसा, कोरलेली खूण, सगळं त्यात येतं. फारसीमार्गे तो मराठीत रुजला. ‘नकाशा’ त्याचाच भाऊ, ‘नक्षत्रा’शी मात्र काही नातं नाही. इराणमधल्या ‘नक्श-ए-रुस्तम’ला कातळात शिल्पं आहेत, तुर्की ‘नकिश’ म्हणजे भरतकाम, तर तेलंगणातली चेरियालची ‘नकाशी’ चित्रं रंगवलेली. म्हणजे नक्षी ही आकृती. ती विणता येते, रांगोळीत काढता येते. कोरणं म्हणजे लाकूड किंवा दगड काढून टाकून ती उठवणं. त्यासाठी संस्कृत शब्दच हवा तर लाकडाला ‘तक्षण’, शिलालेखाला ‘उत्कीर्ण’.

लाकडावर हा फरक हाताला कळतो. आधी नक्षी कागदावर काढून रेषांवर सुईनं भोकं पाडतात आणि फळीवर ठेवून कोळशाची पूड झटकतात. हा ‘खाका’, ‘खाक’ म्हणजे धूळ. मग पटाशी उभी धरून आकृतीच्या कडेनं काप घ्यायचा, आणि त्यानंतरच आजूबाजूची जमीन, म्हणजे आकृतीभोवतीचं लाकूड, खाली घ्यायची. साध्या चौकटीला ६ ते ८ मिलिमीटर उठाव पुरतो. उभा काप न घेता जमीन खोदायला गेलात, तर चीर लाकडाच्या तंतूंबरोबर धावते आणि पाकळीचा तुकडाच निघतो. पटाशी तंतूंच्या उताराच्या दिशेनं चालवायची. उलट चालवली की लाकूड उखडतं. सागात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते आणि दगडावर पुन्हा पुन्हा लावावी लागते. कंटाळून बोथट पटाशीवर जोर देऊ नका, ती कापत नाही, चेचते. ओलसर लाकडाच्याही वाटेला जाऊ नका. कोरून झाल्यावर ते आकसतं आणि तडा नेमका पातळ जागी जातो.

सर्वांत जास्त मोडतो तो देठ. तंतूंना आडवा गेलेला बारीक देठ टिकतच नाही. म्हणून कसबी कारागीर वेल तंतूंच्या बाजूनं लांबवतो, आडव्या वळणावर पान आणून टेकवतो आणि देठाला आधार देतो. पैठणीच्या पदरावरची वेल जशीच्या तशी फळीवर उतरवली की मोडते ती इथेच.