मागच्या दिव्यातले पाणी: दमट हवेचे की गळतीचे?

पावसाळा सुरू झाला की आमच्या चिपळूण भागात गाड्यांच्या मागच्या दिव्यांच्या आत धुके धरलेले दिसू लागते, आणि ते दिसताच सिलिकॉनची ट्यूब आणून दिव्याच्या सगळ्या कडा लिंपून टाकण्याची घाई अनेक जण करतात. ते पाहून मला मनापासून वाईट वाटते, कारण अशा लिंपणामुळे मुळात धडधाकट असलेला दिवाही कायमचा खराब होतो. दिव्यात दिसणारे पाणी दोन वाटांनी आलेले असू शकते आणि आपल्या दिव्यात ते कोणत्या वाटेने आले, हे ठरवल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

मागचा दिवा हवाबंद नसतो आणि ही काही त्यातली खोट नव्हे. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते, विझला की आकसते. हा दाब मोकळा व्हावा म्हणून दिव्याच्या पाठीला वाकवलेली रबरी नळी किंवा हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पातळ पडदा बसवलेला असतो. पावसाळ्यात याच वाटेने दमट हवा आत शिरते आणि रात्रीच्या गारव्याने किंवा गाडी धुताना काच थंड झाली की तिच्या आतल्या अंगावर बाष्प जमते. आता थोडा हिशेब करू. ३० अंश सेल्सिअस तापमानाला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम बाष्प मावते. दिव्याची पोकळी तीन लिटर धरली, तर तिच्यातल्या सगळ्या हवेत मिळून ०.०९ ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन थेंब पाणी असते. तेवढ्याने काच धुरकट होऊ शकते, पण तळाशी पाणी साचू शकत नाही. म्हणून दिवे लावून गाडी चालवल्यावर किंवा ऊन लागल्यावर धुके विरत असेल, तर दिव्याला तसेच राहू द्यावे. ब्रेक दाबल्यावर तळाशी पाणी हिंदकळताना दिसत असेल, तर मात्र कुठेतरी गळती आहे.

नव्या एलईडी दिव्यांबाबत तक्रारी जास्त ऐकू येतात, त्यालाही कारण आहे. जुन्या दिव्यातला २१ वॅटचा बल्ब काच चांगली तापवत असे, तर एलईडीची उष्णता मुख्यतः तिच्या पाठीमागच्या पट्टीतून निघून जाते आणि काच थंडच राहते. त्यामुळे तेवढेच धुके जायला अधिक वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

गळती शोधायची तर दिवा बाहेर काढावा लागतो. डिकीतले अस्तर बाजूला सारले की दिव्याचे नट दिसतात. बऱ्याच गाड्यांना १० चा पाना चालतो. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दिवा आणि बॉडी यांच्यामध्ये असलेले गॅस्केट खराब झाले तर पाणी डिकीत उतरते, स्टेपनीच्या खळग्यात साचते. पण दिव्याच्या आत जात नाही. तरीही दिव्यात पाणी दिसले म्हणून हेच गॅस्केट बदलून घेणारे पुष्कळ आहेत. दिव्याच्या आत पाणी जाते ते काच आणि मागचे घर यांच्या सांध्यातून, बल्बच्या होल्डरभोवतीची रबरी कडी कडक झाल्यामुळे, किंवा एखाद्या बारीक तड्यातून.

नेमकी जागा सापडण्यासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो साबणाचा उपाय. सांध्याभोवती साबणाचे दाट पाणी ब्रशने लावावे, हवा जाण्याची भोके बोटांनी झाकावीत आणि एका होल्डरच्या भोकातून नळीने तोंडानेच हळू फुंकावे. गळती असेल तिथे मोहरीएवढे बुडबुडे एकाच जागी एकामागून एक फुगत राहतात, आणि बहुधा ती जागा दिव्याच्या वरच्या कोपऱ्यात असते. कॉम्प्रेसरची हवा कधीही सोडू नये. तिच्या दाबाने चांगला सांधाही उकलतो.

सुकवताना सगळे होल्डर काढून, भोके खाली करून दिवा पंख्यासमोर ठेवावा. आपण जिला काच म्हणतो ती मागच्या दिव्यात बहुधा ॲक्रिलिकची असते आणि १०० अंशांच्या आसपास ती मऊ पडते, म्हणून हेअर ड्रायर वापरायचाच तर मंद आचेवर आणि लांबून. पेट्रोल, थिनर किंवा स्पिरिटने ती पुसू नये. त्याने केसासारख्या चिरा पडतात आणि पुढे त्यांतूनच पाणी झिरपते. पुढचे दिवे तापवून उघडण्याची युक्ती इथे चालत नाही, कारण मागच्या दिव्याची काच बहुतेक वेळा घराला वितळवूनच जोडलेली असते.

सांधा पूर्ण कोरडा झाल्यावर सापडलेल्या जागेपुरतेच सिलिकॉन लावावे. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन घेऊ नये. सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड निघते आणि होल्डरच्या पत्र्यांना गंज चढतो. दुकानात ‘न्यूट्रल’ असे सांगून मागितले की मिळते. तळाला भोक पाडण्याचा सल्ला मला पटत नाही, कारण पाणी निघते त्या वाटेने चाकांनी उडवलेला चिखलही आत येतो.

होल्डर हातात आहेतच, तर त्यांचे पत्रेही पाहून घ्यावेत. तांब्यावर हिरवी पूड दिसली किंवा ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मंद पेटू लागला, तर अर्थिंग गेले आहे असे समजून वायरिंगवाल्याकडे जावे आणि त्यात दिरंगाई करू नये. कुंभार्ली घाटात पाऊस आणि धुके एकत्र असताना मागून येणाऱ्या ट्रकचालकाला आपली गाडी दिसते ती केवळ या दिव्यांमुळे.

जुलै २०२१ च्या पुरासारख्या पाण्यात बुडालेल्या गाडीच्या दिव्यांवर मात्र यांतले काही करत बसू नये. आत गेलेला गाळ रिफ्लेक्टरवर बसतो आणि तो पुसायला गेले की चकाकीचा थरही निघतो, त्यामुळे दिवा बदलणेच बरे. जुना दिवा विकत घेणार असाल, तर काचेवरच्या ओरखड्यांपेक्षा आधी त्याच्या पाठीची रबरी नळी किंवा पडदा जागेवर आहे का, ते पाहा. वॉरंटीतल्या गाडीचा दिवा उघडू नये; आत साचलेल्या पाण्याचा फोटो काढून सर्व्हिस सेंटरला दाखवावा, कारण तिथे पोहोचेपर्यंत ऊन पडले तर पाणी कमी झालेले असू शकते.