सावंतवाडी ते रामटेक, सावलीवरून पृथ्वी मोजताना

मी सावंतवाडी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सहावीला शिकवतो. रामटेक तालुक्यातल्या एका मॅडमशी ओळख झाली ती ऑनलाइन प्रशिक्षणात. दोन्ही वर्गांचा मिळून एक उपक्रम करायचं ठरलं, तेव्हा पहिल्याच फोनवर त्या म्हणाल्या, "सर, नुसते फोटो पाठवायचे आणि टाळ्या वाजवायच्या, असलं नको. आमच्या आकड्यावाचून तुमचं गणित सुटू नये, असं काहीतरी शोधा."

ही अट मला फार मोलाची वाटते. बहुतेक संयुक्त उपक्रमांत दोन शाळा शेजारी बसून आपापलं काम करतात, एवढंच.

आम्ही इरॅटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानाचा प्रयोग निवडला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातल्या मध्यान्हीच्या सावलीचा कोन ७.२ अंश धरला. त्याच वेळी दक्षिणेला सायीनमध्ये (आजचं अस्वान) सावली पडतच नव्हती. तो कोन आणि दोन शहरांमधलं अंतर, एवढ्यावरून त्याने पृथ्वीचा घेर काढला. दोन ठिकाणं हवीतच. एका शाळेला हे एकटीने जमणारच नाही.

नियोजनासाठी गूगल शीट, व्हॉट्सॲप आणि कधीमधी रात्रीचा व्हिडिओ कॉल एवढं पुरलं. खरी चर्चा रंगली वेळेवर. दोन्हीकडे घड्याळात एकच वेळ धरायची नाही, हे ठरलं. रामटेक आमच्या पूर्वेला साडेपाच अंश, म्हणून तिथली मध्यान्ह बावीसेक मिनिटं आधी. मग शीटमध्ये प्रत्येक शाळेने दर दोन मिनिटांची सावली लिहायची आणि सगळ्यांत आखूड ती धरायची. मॅडमना आणखी एक सोय बघावी लागली. उन्हामुळे सकाळची शाळा लागली, तर मुलं बाराच्या आत घरी जाणार. त्यांनी मुख्याध्यापक आणि पालकांशी आधीच बोलून ठेवलं.

२० मार्चला, विषुवदिनी, दोन्ही मैदानांत एक मीटरच्या काठ्या ओळंब्याने सरळ उभ्या केल्या. बारा वीसच्या सुमारास रामटेकची सावली ३९ सेंटिमीटरवर थांबली. फोनवरून तिकडची एक मुलगी विचारू लागली, "तुमची सावली अजून कमीच होऊन राहिली का?" आमच्याकडून दोन-तीन पोरं एकदम ओरडली, "अजून कमीच होता हा!" एकच सूर्य दोन गावांना वेगवेगळ्या वेळी सगळ्यांत उंच येतो, हे मुलांना त्या क्षणी दिसलं. धडा वाचून ते कधी दिसलं नसतं. आमची सावली पावणेएकच्या जरा आधी २८.५ सेंटिमीटरवर टेकली.

दुपारी दोन्ही वर्गांनी आलेखाच्या कागदावर त्रिकोण काढले आणि कोनमापक लावला. आमचा कोन १६, त्यांचा २१. फरक ५ अंश. दोन्ही गावांमधलं नुसतं उत्तर-दक्षिण अंतर नकाशावर साधारण ६१० किलोमीटर. ५ अंशांना ६१०, तर ३६० अंशांना किती, असा गुणाकार-भागाकार करून घेर आला ४३,९२० किलोमीटर. पुस्तकात ध्रुवांवरून घेर सुमारे ४०,००८.

मुलं हिरमुसली नाहीत, उलट भांडायला उठली. चूक कोणाची? रामटेकच्या एका मुलाने त्रिकोण दुप्पट मोठा काढला, तर कोन साडेएकवीस भरला. फरक साडेपाच होताच घेर चाळीस हजारांच्या आसपास आला. अर्ध्या अंशाने चार हजार किलोमीटर इकडचे तिकडे होतात, हे दोन्ही फळ्यांवर लिहिलं गेलं.

पुढच्या वेळी काठी दोन मीटरची घ्यायची, हे मुलांनीच शीटमध्ये लिहून टाकलंय. सप्टेंबरातही विषुवदिन येतो, पण आमच्याकडे तेव्हा ढगांचा भरवसा नसतो. म्हणून मॅडमनी पुढचा मार्चच धरलाय. तेव्हा ही मुलं सातवीत असतील आणि नव्या सहावीला ओळंबा लावायला तीच शिकवणार आहेत.