मलबारी कर्णा : मोले आणि तांबडी सुर्ला येथील यंदाच्या नोंदी

डिसेंबरपासून हाती घेतलेले मलबारी कर्णा या रानपक्ष्याच्या नोंदींचे काम गोव्यातील मोले आणि तांबडी सुर्ला या परिसरांपुरते आता मार्गी लागले आहे. बोंडल्याचे अभयारण्य अवघे 8 चौरस किलोमीटरचे असून सुट्टीच्या दिवशी तेथे वर्दळ असते, म्हणून तिकडे यंदा फारसे लक्ष दिले नाही.

नराचे काळे डोके, छातीवरील पांढरा पट्टा आणि त्याखालचे गुलाबी-लाल पोट छायाचित्रांत पाहिले की हा पक्षी लांबूनही लपणार नाही असे वाटते. प्रत्यक्षात तो बहुधा आपल्याकडे पाठ करून निश्चल बसतो आणि ती पाठ वाळक्या पानाच्या रंगाची असते. त्यामुळे लाल रंग शोधणे मी सोडून दिले असून, मधल्या फांद्यांवर ताठ बसलेली आणि लांब शेपूट सरळ खाली सोडलेली आकृती शोधतो. मादीला काळे डोके नाही आणि तिचे पोट बदामी-पिवळसर असते. माझ्या वहीत नरांची संख्या जास्त दिसते ती बहुतेक याच कारणाने.

वर छत मिटलेले, पण मधला थर मोकळा असलेले रान त्याला मानवते, असे नोंदी ताडून पाहताना जाणवले. त्याच्या पायाची पहिली व दुसरी बोटे मागे वळलेली असतात (ही रचना केवळ कर्ण्याच्या, म्हणजे ट्रोगॉन, कुळात आढळते), पाय दुबळे असतात आणि फांदीवरून चालणे त्याला जमत नाही. पानावरचा किंवा हवेतला किडा तो झेप घेऊनच टिपतो, तेव्हा झेपेला वाव हवाच. रस्त्यासाठी छत उघडलेल्या आणि खाली झुडपे माजलेल्या पट्ट्यांत माझी एकही नोंद नाही. भृंगराज (कोतवालाच्या कुळातला पक्षी) आणि इतर पक्ष्यांचा मिश्र थवा जात असेल, तर कर्ण्यासाठी थव्याच्या मागच्या बाजूला थोडा वेळ थांबून पाहावे.

फेब्रुवारी ते मे हा विणीचा काळ. कुजलेल्या खोडात चोचीने पोकळी करून मादी साधारणतः दोन अंडी घालते. म्हणूनच वठलेली झाडे ‘साफ’ करण्याची हौस मला घातक वाटते. या काळात पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे मी पूर्णपणे बंद ठेवले आहे आणि घरट्याची जागा सामायिक वहीत लिहीत नाही. हीच पद्धत पावसाळ्यानंतर नेत्रावळी व खोतीगाव या गोव्यातल्याच अभयारण्यांत वापरण्याचा विचार आहे.