सात टक्क्यांचा निबंध

त्या दुपारी एका प्राध्यापकांनी आमच्या लेखन-मार्गदर्शन कक्षाकडे एकाच वर्गातील दोन निबंध पाठवले. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने एकात ३४ टक्के, तर दुसऱ्यात अवघे ७ टक्के साम्य दाखवले होते, आणि प्राध्यापकांचा रोख अर्थातच पहिल्यावर होता. अहवाल उघडला तेव्हा त्या ३४ टक्क्यांत अवतरणचिन्हांत रीतसर दिलेले उतारे, संदर्भसूची आणि विचारलेला प्रश्नसुद्धा धरला गेल्याचे दिसले. हे सॉफ्टवेअर जुळणारा मजकूर दाखवते. वाङ्मयचौर्य झाले की नाही, हे माणसानेच वाचून ठरवायचे असते. तो निबंध मी लगेच बाजूला ठेवला.

सात टक्क्यांच्या निबंधातील वाक्यांची ठेवण मात्र परकी होती. ‘एआयने लिहिलेला मजकूर ओळखणाऱ्या साधनातून तपासून घ्या’, असे प्राध्यापकांनी सुचवले. पण चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआय कंपनीने आपले असे साधन जुलै २०२३ मध्ये अपुऱ्या अचूकतेमुळे मागे घेतलेले असताना, अशा साधनाच्या भरवशावर कुणावर आळ घेणे मला मान्य नव्हते. मी विद्यार्थिनीलाच बोलावले आणि तिच्या टिपणांची फाइल उघडायला सांगितले.

फाइलमध्ये संकेतस्थळांवरून उचललेले परिच्छेद एकाखाली एक चिकटवलेले होते, स्रोताची नोंद कुठेही नव्हती, आणि तिचे स्वतःचे चार शब्द त्यांत कुठे मिसळले होते हे तिलाही सांगता येईना. “सर, मी शब्द तर सगळे बदलले होते,” ती म्हणाली. संदर्भसूचीतील दोन लेख ग्रंथालयाच्या सूचीत नव्हते आणि नियतकालिकांच्या त्या अंकांतही नव्हते. ते चॅटबॉटने सुचवले होते, हे तिने न विचारता सांगितले. या दोन गोष्टी मी वेगळ्या मानतो. शब्द बदलून उतारे वापरण्यात शिकण्यातली उणीव होती; न वाचलेला लेख वाचल्याचे भासवणे हा सरळ अप्रामाणिकपणा होता, आणि तेही मी तिला स्पष्ट सांगितले.

मग एक खरा लेख निवडला. तिने तो वाचला, मिटला, आशय आठवून स्वतःच्या वाक्यांत लिहिला आणि पुन्हा मूळ लेखाशी ताडून पाहिला. पहिल्या खेपेस तिला दोनच वाक्ये सुचली, कारण लेखातील युक्तिवाद तिला कळलेलाच नव्हता. तासाभराच्या चर्चेनंतर परिच्छेद उभा राहिला. प्राध्यापकांनी बनावट संदर्भांबद्दल गुण कापले आणि निबंध टिपणांसह पुन्हा सादर करण्याची मुभा दिली.