ताई, कशावर ओके दाबलंत?

मी एका सीए ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळतो. जुलैत रिटर्नची घाई चालू होती, आमच्या एका सीनियर ताईंच्या मागे उभा राहून प्रिंटरचं काहीतरी बघत होतो. त्यांनी सर्व्हरवरची एक्सेल ओढून डेस्कटॉपवर टाकली, वॉर्निंग आली, आणि मी वाचायच्या आत ओके दाबून मोकळ्या. विचारलं काय लिहिलं होतं? "अरे ते रोजच येतं, ओके केलं की जातं."

विंडोजचा तो मेसेज साधारण असा: या फाइल्स कॉम्प्युटरला घातक असू शकतात, तरीही वापरायच्या का? कुठली फाइल ते नाही, कुठून आली ते नाही, घातक म्हणजे नक्की काय करेल तेही नाही. आणि फाइल तर आमच्याच सर्व्हरवरचा ट्रायल बॅलन्स! कारण शोधलं तर एवढंसं निघालं, ड्राइव्ह मॅप करताना, म्हणजे सर्व्हरचं फोल्डर सगळ्यांच्या कॉम्प्युटरला जोडताना, मी सर्व्हरच्या नावाऐवजी १९२.१६८.१.१० असा आयपी, म्हणजे त्याचा आकड्यांतला पत्ता, टाकला होता, आणि पत्त्यात टिंबं दिसली की विंडोज तो इंटरनेटचा धरतं, सर्व्हर शेजारच्या खोलीत असला तरी. नावाने मॅप केलं, मेसेज बंद. पण तोवर सगळ्यांच्या बोटांना सवय लागलेली. रोज मरे त्याला कोण रडे.

मला भीती त्याच बोटाची वाटते. मेलमधून 'नोटीस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' आली तर शेवटचं ईएक्सई, म्हणजे हा प्रोग्राम आहे ही खूण, दिसतच नाही, कारण विंडोज एक्स्टेन्शन, म्हणजे नावाचा फाइलचा प्रकार सांगणारा शेवटचा तुकडा, मुळातच लपवून ठेवतं. मे २००० मधला आयलव्हयू व्हायरस याच फटीतून पसरला, लोकांना ती टेक्स्ट फाइल वाटली आणि होती स्क्रिप्ट, म्हणजे उघडली की चालू होणारा प्रोग्राम. आणि गंमत नाही, खरंच राग येतो, कारण विंडोजला हे सगळं माहीत असतं. फाइल डाउनलोड झाली की ब्राउझर तिला झोन आयडेंटिफायर नावाची चिठ्ठी चिकटवतो, ३ नंबर म्हणजे इंटरनेट, बऱ्याचदा कुठल्या लिंकवरून आली तेही त्यात असतं. मग ते सांगा की माणसाला! त्याऐवजी 'पब्लिशर व्हेरिफाय झाला नाही'. ताईंसाठी पब्लिशर म्हणजे पुस्तकं छापणारा.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधल्या मॅक्रोंचं, म्हणजे वर्ड-एक्सेलच्या फाइलीत दडलेल्या छोट्या प्रोग्रामांचं, २०२२ मध्ये बदललं ते मला पटलं. आधी पिवळी पट्टी आणि तिच्यातच चालू करायचं बटण. आता नेटवरून आलेली फाइल असेल तर लाल पट्टी, मॅक्रो अडवलाय असं स्पष्ट, आणि चालू करायचं बटणच नाही.

मी पण एक वॉर्निंग कागदावर लिहून ताईंना दाखवली. पहिल्या खेपेला 'एक्झिक्युटेबल' आणि 'परवानगी' हे शब्द होते, त्या म्हणाल्या परवानगी कुणाची, माझी की सरांची? दोन्ही खोडले. मग असं लिहिलं:

"'नोटीस' ही पीडीएफ नाही, प्रोग्राम आहे. आज सकाळी ११:४० ला ईमेलमधून आला. चालवला तर तुम्हाला उघडता येणाऱ्या सगळ्या फाइल्स तो वाचू आणि पुसू शकेल, सर्व्हरवरच्यासुद्धा. पाठवणाऱ्याला आधी फोन करा."

खाली ओके-कॅन्सल नाही, दोन बटणं: 'चालवू नको' आणि 'प्रोग्राम चालव'.

ताईंनी चष्मा लावून सगळं वाचलं, परत वरच्या ओळीवर गेल्या आणि म्हणाल्या, "पण नोटिशीसाठी प्रोग्राम कशाला पाठवेल कोणी?"